नागपूरहून पाल्प्याला: परदेशी शाळेत विनामोबदला शिकवायला जाताना, आणि तिथली मुलं सहलीला नेताना

निवृत्तीनंतरची पहिली दिवाळी आटोपली आणि मी नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातल्या एका डोंगरी शाळेत गणित शिकवायला गेले. चार महिने राहिले. पगार नव्हता, राहण्या-जेवणाचा खर्च माझा मी केला. परतण्याआधी तिथल्या शिक्षकांबरोबर सहावी ते आठवीच्या बत्तीस मुलांना लुंबिनीच्या सहलीला नेलं. नागपूरला आल्यापासून विचारणारे थांबलेले नाहीत. काही माझ्यासारख्या निवृत्त बाई आहेत, काही डी.एड. करून नोकरीची वाट बघणारी मुलं आहेत. "काऊन जाता बाई इतक्या दूर, इथं शाळा कमी हायेत का?" असं एका जुन्या सहकाऱ्यानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. मेळघाटात, गडचिरोलीत गरज आहेच, आणि ज्यांना तिथे जाणं जमतं त्यांनी आधी तिथे जावं. मला मात्र माझं पाठ झालेलं पुस्तक जिथे नाही तिथे मला गणित शिकवता येतं का, ते बघायचं होतं.

नेपाळ निवडण्याची कारणं साधी होती. भारतीयांना व्हिसा लागत नाही, लिपी देवनागरी आहे, आणि सीमेजवळच्या गोरखपूरपर्यंत रेल्वेनं जाता येतं. शिवाय लुंबिनी म्हणजे काय हे नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते.

खाली लिहिलेला क्रम मी पाळलेला आहे. जिथे चुकले तिथे, पाळायला हवा होता तो क्रम दिला आहे.

पहिली पायरी: मुक्काम किती, ते आधी ठरवा

पंधरा दिवसांसाठी जायचं असेल तर शिकवायला जाऊ नका, फिरायला जा. हे मी कठोरपणे सांगते. नवा माणूस वर्गात आला की मुलांना पहिला आठवडा नवलाईत जातो, दुसऱ्यात ती तुमच्या उच्चारांना सरावतात, आणि तेवढ्यात तुम्ही निघता. त्या शाळेच्या शिक्षकांना मागे पडलेला अभ्यास भरून काढावा लागतो. किमान तीन महिने हाताशी असले पाहिजेत. तेवढे नसतील तर मुलांऐवजी शिक्षकांसोबत काम करा. एखादा घटक शिकवायच्या चार पद्धती त्यांना दाखवा आणि परत या.

जायची वेळ त्यांच्या शाळेच्या वर्षाप्रमाणे ठरते. नेपाळचं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे आपल्या एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. दसैं-तिहारला, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीला, मोठी सुट्टी असते. आपली उन्हाळ्याची सुट्टी साधून मे महिन्यात जायचं असेल तर डोंगरातली शाळा निवडा, कारण खाली तराईत, म्हणजे सीमेलगतच्या सपाट पट्ट्यात, नागपूरसारखंच तापतं आणि शाळा उन्हासाठी बंद होतात. मी तिहारनंतर गेले आणि वार्षिक परीक्षेआधी परतले.

निवृत्तांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती हमखास विसरली जाते. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. दिवाळीनंतर निघणार असाल तर त्याची व्यवस्था लावूनच निघा, नाहीतर तिकडे डोंगरात बसून पेन्शनसाठी बँकेला फोन लावत राहाल.

दुसरी पायरी: शाळा शोधणं

इंटरनेटवर 'स्वयंसेवक व्हा' म्हणणाऱ्या संस्थांचा सुकाळ आहे. त्यातल्या काही चांगल्या आहेत, काहींनी याचा धंदा केला आहे. पैसे मागितले म्हणून संस्था वाईट ठरत नाही. राहण्या-जेवणाला पैसा लागतोच. पण त्यातले किती शाळेला, किती राहत्या घराला आणि किती संस्थेला, हे लेखी विचारा. उत्तर टाळलं तर तिथेच थांबा.

अनाथालयात शिकवायला या, असं बोलावणं आलं तर जाऊ नका. नेपाळमध्ये आणि इतरही देशांत, अनाथालयांतल्या बऱ्याच मुलांचे आईबाप हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं खेड्यांतून आणली जातात आणि परदेशी पाहुणे व देणग्या येत राहाव्यात म्हणून ठेवली जातात. आपण चांगल्या मनानं गेलो तरी त्या व्यवहाराला हातभार लागतो. शिवाय दर महिन्याला नवा माणूस जीव लावतो आणि निघून जातो, हे त्या लेकरांच्या मनाला सोसत नाही.

सरकारी किंवा सामुदायिक शाळा बघा. मला ओळखीतून मिळाली. नेपाळमधून नागपुरात शिकायला आलेल्या एका मुलाचे काका तिथे हेडसर होते. शाळेशी पहिल्यांदा बोलाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. त्या विषयाचे शिक्षक शाळेत आहेत का? असतील तर ते माझ्यासोबत वर्गात बसतील का? आणि मी गेल्यावर ते काम कोण चालवणार? "आमच्याकडे शिक्षकच नाही, तुम्हीच सगळं सांभाळा" असं ऐकू आलं तर मोह आवरा. तुमच्या येण्यानं शिक्षक नेमण्याचा प्रश्न मागे पडू नये.

होकार तोंडी असून चालत नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीचं पत्र घ्या, त्यात तारखा, विषय, वर्ग आणि 'विनामोबदला' हा शब्द असू द्या. २०१५ च्या राज्यघटनेनंतर नेपाळमध्ये माध्यमिकपर्यंतच्या शाळांचा कारभार स्थानिक पालिकांकडे आला आहे. म्हणून गावपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या शिक्षण विभागालाही कळवायला सांगा. मी गेले तेव्हा त्या कार्यालयावर 'शिक्षा शाखा' अशी पाटी होती. आपल्या भाषेत शिक्षा म्हणजे काय ते आठवून मी पाटीसमोर क्षणभर थबकले. तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. लिपी सारखी आहे म्हणून शब्दही कळला असं धरून चालू नका.

तिसरी पायरी: कागदपत्रं आणि प्रवास

नेपाळमध्ये प्रवेशासाठी प्रौढ भारतीयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला नुसत्या आधार कार्डावर भरवसा ठेवून निघता येत नाही. माझा सल्ला पासपोर्टच न्या, सिमकार्डापासून दवाखान्यापर्यंत तोच सोयीचा पडतो. सोबत शाळेचं पत्र, शिक्षक असल्याचा पुरावा आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला ठेवा. मला दाखला कुणी मागितला नव्हता, मीच हेडसरांच्या हाती दिला. अनोळखी माणसाच्या ताब्यात मुलं देताना शाळेनं तो मागायलाच हवा.

नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसनं गोरखपूर गाठता येतं, पण ती रोज नसते. गोरखपूरहून बसनं सुनौली. तिथे चालत सीमा ओलांडायची आणि पलीकडून भैरहवा, बुटवल करत तानसेन, म्हणजे पाल्पा जिल्ह्याचं मुख्य गाव. रात्री सीमेवर पोहोचू नका. गोरखपूरला मुक्काम करून सकाळी निघालेलं बरं.

दुसऱ्या देशात जाणार असाल तर या पायरीला दोन-तीन महिने द्या. कित्येक देशांत पर्यटक व्हिसावर विनामोबदला शिकवणंसुद्धा बेकायदा ठरतं. संस्था "काही होत नाही" म्हणाली तरी त्या देशाच्या दूतावासाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. पदवीच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असं परदेशात मानलं जावं म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागेल का ते विचारा. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे करारातल्या देशांना तो शिक्का पुरतो. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. तो दाखला नसेल तर परतताना भारतातच विलगीकरणात ठेवतात.

चौथी पायरी: पैसा, तारखा, तब्येत

भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हा दर बांधलेला आहे. बाजारात किंमत सांगितली की "आईसी की एनसी?" असं विचारायची सवय लावा. आईसी म्हणजे आपले रुपये, एनसी म्हणजे त्यांचे. नोटा शंभराच्या न्या. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून निघायच्या आठवड्यात बँकेत चौकशी करा. शहरांतल्या बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, डोंगरातल्या टपरीवर नाही.

तारखांचा घोळ मात्र मला चांगलाच भोवला. तिकडे सगळे व्यवहार विक्रम संवतानं चालतात, वर्ष आपल्या इंग्रजी सालाच्या सुमारे ५७ वर्षं पुढे. हे मला ठाऊक होतं. पण त्यांचे महिने सौर आहेत आणि आपले चांद्र, हे डोक्यात नव्हतं. हेडसरांनी फोनवर "फागुन दहा" म्हटलं आणि मी कालनिर्णय उघडून फाल्गुन शुद्ध दशमी बघितली. त्यांचा फागुन फेब्रुवारीच्या मध्यावरच सुरू होतो. त्या गैरसमजात परतीचं रेल्वेचं तिकीट चुकीच्या आठवड्याचं निघालं आणि रद्द करावं लागलं. तारीख ठरली की त्यांची, इंग्रजी आणि वार, अशी तिन्ही लिहून परत पाठवा आणि होकार घ्या.

तब्येतीसाठी निघण्याआधी दीड-दोन महिने डॉक्टरांना भेटून टायफॉइड, कावीळ आणि धनुर्वाताच्या लसींचं विचारा. रोजच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्या, चिठ्ठीसकट. पाणी उकळूनच प्या. नागपूरच्या थंडीचा स्वेटर तिथल्या पौषात पुरत नाही.

पाचवी पायरी: पहिले पंधरा दिवस शिकवू नका

मागच्या बाकावर बसा. मी ज्या गुरुआमांच्या वर्गात बसले (तिकडे बाईंना गुरुआमा म्हणतात), त्या पोरांना फळ्यापाशी बोलवत आणि चूक झाली की इतरांना "साथीलाई सघाऊ" म्हणत, मित्राला मदत कर. मी तीस वर्षांत चूक स्वतःच दुरुस्त करत आले. पहिल्याच दिवशी खडू हातात घेतला असता तर हे दिसलं नसतं.

भाषा रोज दहा शब्द या हिशेबानं शिका. आपल्याला लवकर येते, आणि म्हणूनच फसायला होतं. हजेरीला हाजिरी, वांतीला बान्ता, संत्र्याला सुन्तला. पण फुल म्हणजे अंडंसुद्धा. पाच, आठ, नऊ या आकड्यांची वळणं थोडी वेगळी असतात, ती आधीच गिरवून घ्या. मी होते तेव्हा शनिवारी सुट्टी आणि रविवारी शाळा असे, अंगवळणी पडायला महिना गेला.

वाटायला चॉकलेट, पेनं, कपडे नेऊ नका. मुलं पाहुण्याच्या हाताकडे बघायला शिकतात. शाळेला काय हवंय ते विचारा आणि तिथल्याच बाजारातून घ्या. मुलांचे फोटो पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीशिवाय काढू नका, आणि फाटका शर्ट, शेंबडं नाक असले फोटो तर कुठेच टाकू नका. आपल्या पोरांचे असे फोटो परक्यानं जगाला दाखवले तर आपल्याला कसं वाटेल?

सहावी पायरी: तिथल्या मापानं शिकवणं

सहावीला अपूर्णांक चालू होते. पुस्तकात पिझ्झाचे तुकडे, आणि वर्गात पिझ्झा खाल्लेलं एकही पोर नाही. एका मुलीनं दुसऱ्या दिवशी घरून माना आणला. धान्य मोजायचं ते पितळी भांडं, कडा झिजलेल्या, तळाला ठोका बसलेला. आठ माना म्हणजे एक पाथी, वीस पाथी म्हणजे एक मुरी. आपली खंडी वीस मणांची, त्यांची मुरी वीस पाथींची, हे ऐकून मलाच आनंद झाला. मग पुस्तक बाजूला ठेवलं. मका आणला. एक माना म्हणजे पाथीचा कितवा भाग? आठवा. दोन माना म्हणजे? दोन अष्टमांश, म्हणजेच पाव. ज्या मुलांना छेद आणि अंश यांत गोंधळ होत होता त्यांनी मका ओतून दाखवला. गुरुआमा शेजारी होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्या शिकवू लागल्या आणि मी मागे बसले. त्यांना भाषा येत होती, घरं माहीत होती, मापं माहीत होती. माझ्याजवळ वेळ होता आणि एक वेगळी नजर. स्वयंसेवकाकडे एवढंच असतं, आणि ते पुरतं.

सातवी पायरी: सहल

सहलीची कल्पना तुमची असली तरी सहल शाळेची असली पाहिजे. परवानगीच्या कागदावर सही हेडसरांची, पालकांशी बोलणार तिथले शिक्षक, निर्णय त्यांचा. तुम्ही परदेशी आहात. काही बरंवाईट झालं तर पोलिसांशी, दवाखान्याशी, आईबापांशी तुम्ही धड बोलूही शकणार नाही.

तयारीला सहा आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात ठिकाण आणि एकच धडा ठरवा. एकच. नागपुरात रमण विज्ञान केंद्रात मी मुलांना चाळीस प्रश्नांचे कागद देऊन नेत असे. पोरं यंत्रांकडे न बघता पाट्या उतरवत बसत. लुंबिनीसाठी आम्ही एकच धडा घेतला: आठवा भाग. कारण पुढे येईलच.

पालकांची सभा शाळेतच घ्या, पत्र पाठवून भागत नाही. सगळ्यांना वाचता येईलच असं नाही, आणि प्रश्न तोंडीच निघतात. आमच्या सभेत एका आजीनं विचारलं, बस कोण चालवणार? मग चालकालाच सभेला बोलावलं. आजारपण, ॲलर्जी, बस लागते का, पोहता येतं का, हे तिथेच वहीत लिहून घ्या. मुलींच्या आयांशी गुरुआमांनी वेगळं बोलून घ्यावं. मासिक पाळी वाटेत आली तर पॅड कुणाच्या पिशवीत आहेत आणि कुणाला सांगायचं, हे प्रत्येक मुलीला ठाऊक हवं.

पैसा तुम्ही एकट्यानं घालू नका. मला शक्य होतं आणि इच्छाही होती. हेडसरांनीच थांबवलं. या वर्षी मिसनं दिले, पुढच्या वर्षी कोण? मग घरटी थोडी वर्गणी निघाली. ज्यांना जमलं नाही त्यांनी तांदूळ, मका दिला. वडा (वॉर्ड) कार्यालयानं बसच्या डिझेलला हातभार लावला. मी एका पालकाइतकीच वर्गणी दिली आणि अडीनडीसाठी थोडे पैसे हेडसरांकडे ठेव म्हणून दिले. ते न वापरता परत आले.

दिवस निवडताना पावसाळा टाळाच. तानसेनहून बुटवलला उतरणारा सिद्धार्थ महामार्ग वळणांचा आहे आणि बुटवलच्या वर सिद्धबाबाजवळ दरडी कोसळतात. पौष-माघात खाली तराईत दाट धुकं असतं. फागुन आम्हाला बरोबर पडला. त्या सकाळी रस्ता चालू आहे का, ते पोलिसांना विचारूनच बस हलवा. अंधार पडायच्या आत परत पोहोचायचं, हे आधी ठरवून त्यावरून निघायची वेळ मागे मोजत या. आम्ही पहाटे पाचला निघालो.

आता मोजणी. यावर मी जरा थांबणार आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी रामटेकच्या सहलीत माझ्या हातून एक चूक झाली. गडमंदिराच्या पायऱ्या उतरून मुलं बसमध्ये चढली, मी डोकी मोजली. बेचाळीस. बरोबर. बस निघाली. मनसर गेल्यावर एका मुलानं सांगितलं, "बाई, हा आपल्या शाळेतला नाही." शेजारच्या बसमधलं, तशाच गणवेशातलं पोर चुकून आमच्यात चढलं होतं, आणि आमची एक मुलगी रामटेकच्या पायऱ्यांवर राहिली होती. आकडा बरोबर होता, पोरं चुकीची होती. आम्ही परतलो तेव्हा ती एका हार-फुलांच्या दुकानात बसली होती. दुकानदारीण बाईनं तिला पाणी दिलं होतं. मुलगी रडत नव्हती. माझ्याकडे बघून ती फक्त "बाई, तुम्ही मोजलं नाही का?" म्हणाली. तेव्हापासून मी नुसता आकडा कधीच मानत नाही. नाव घेऊन, चेहरा बघून मोजायचं.

पाल्प्यात ही पद्धत मुलांनीच सोपी केली. बत्तीस मुलं, आठ-आठच्या चार टोळ्या. एका पोरानं टोळीला पाथी म्हटलं आणि तेच रूढ झालं. प्रत्येक पाथीवर एक मोठं माणूस. आत एकेक मुलगा म्हणजे माना, त्याला एक ते आठ नंबर. मोठ्या माणसानं विचारायचं, "पाथी भरियो?" मग एकापासून आठपर्यंत प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि डावी-उजवीकडच्या सोबत्याच्या खांद्याला हात लावायचा. आठही झाले की सगळ्यांनी मिळून "भरियो!" बसमध्ये चढताना, उतरताना, शौचालयानंतर, जेवणाआधी, जेवणानंतर. आम्ही दिवसभरात अकरा वेळा मोजलं. चार माणसं पाथ्यांवर, एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, अशी सहा मोठी माणसं लागतात. पुढचा आणि मागचा मोकळे ठेवायचे. कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर ते निघतात आणि पाथ्या मोडत नाहीत.

छातीवर नावाचे बिल्ले लावू नका, अनोळखी माणूस नावानं हाक मारू शकतो. खिशात चिठ्ठी असू द्या: शाळेचं नाव, हेडसरांचा नंबर, बसचा नंबर. आणि हरवलात तर शोधत फिरायचं नाही, आहात तिथेच उभं राहायचं, हे आदल्या दिवशी शाळेच्या मैदानात खेळून घ्या. पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, बालकांची मदत १०९८ हे नंबर सगळ्या मोठ्यांच्या फोनमध्ये असावेत.

बस लागण्याचा प्रश्न किरकोळ समजू नका. यातल्या बऱ्याच मुलांनी एवढा लांबचा बसप्रवास केलाच नव्हता. पहाटे पोटभर भात खाऊन निघालेलं पोर पहिल्या दहा वळणांत ओकतं. कोरडा चिउरा, म्हणजे आपले पोहे, आणि थोडा गूळ एवढंच देऊन निघा. ज्यांना त्रास होतो ती पुढच्या बाकांवर. सुन्तल्याची सालं पिशवीत ठेवा, नाकाशी धरली की बरं वाटतं. आमच्या संत्र्याच्या गावात लहानपणी आईही हेच करायची. पिशव्या, फडकी, पाण्याचा कॅन आणि जीवनजल जवळ ठेवा. तिकडे ओआरएसला जीवनजलच म्हणतात. उलटीची गोळी पालकांनी लिहून दिली असेल आणि डॉक्टरांनी मात्रा सांगितली असेल तरच. "वाकवाकी लाग्यो" म्हणजे मळमळतंय, हे एक वाक्य पाठ करून ठेवा. ते ऐकू आलं की चालकाला लगेच सांगायचं. आमच्याकडे सात जणांना त्रास झाला, एकालाही लाज वाटू दिली नाही.

लुंबिनीचा परिसर सुमारे तीन मैल लांब आणि एक मैल रुंद आहे. सगळं दाखवायला गेलात तर मुलांच्या पायांचे तुकडे पडतील. आम्ही मायादेवी मंदिर, पुष्करणी आणि अशोकस्तंभ एवढंच बघितलं, आणि दुरून विहार. मंदिरात जाताना चपला बाहेर काढायच्या असतात, त्यामुळे प्रत्येक पाथीच्या चपला एका पोत्यात, नाहीतर परतताना अर्धा तास जातो. आत फोटो काढू देत नाहीत. पुष्करणीच्या आणि कालव्याच्या काठाशी पाथीचं मोठं माणूस पाण्याच्या बाजूला उभं राहील, मुलं आतल्या बाजूला. बोटीत मुलं बसवू नका. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेली पुण्याची कॉलेजातली मुलं बुडाली, ती तर वयानं मोठी होती.

आता तो धडा. स्तंभावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी सम्राट अशोक स्वतः इथे आला, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून त्यानं पूजा केली आणि लुंबिनी गावाला करात सूट दिली, असं त्यात म्हटलं आहे. गावानं फक्त 'अठभागिये', म्हणजे आठवा भाग द्यायचा. वर्गात आम्ही हे आधी मुद्दामच सांगितलं नव्हतं. गुरुआमांनी स्तंभासमोर लेखाचा अर्थ सांगितला आणि विचारलं, एका पाथीतून राजाला किती? क्षणभर शांतता. मग ज्या मुलीनं माना आणला होता ती म्हणाली, "एक माना." आणि लगेच, "एका मुरीतून वीस माना." बाकीची पोरं बोटांवर मोजू लागली. एकानं विचारलं, आधी किती द्यावा लागत असेल? बावीसशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचा हिशेब ती मुलं आपल्या घरच्या कोठीसारखा करत होती. मी काही बोलले नाही, बोलायची गरज नव्हती.

जेवण ठरवून ठेवलेल्या ठिकाणी गरम डाळ-भात. उघड्यावरचं काही नाही. अडीच वाजता बस हलवली. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला सांगू नका. आम्ही प्रत्येकाला एकच काम दिलं: घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या काळी पिकातला किती भाग कुणाला द्यावा लागायचा. उत्तरं आठवडाभर येत राहिली.

नागपूरच्याच शाळेची सहल नेपाळला न्यायची असेल तर वेगळी तयारी लागते. शिक्षण विभागाची परवानगी सर्वांत आधी घ्या. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं, त्याहून लहानांना फोटो असलेलं सरकारी कागदपत्र. सीमेवर पायी गर्दीतून जायचं असल्यानं पाथीची पद्धत तिथे दुप्पट कामाची.

आठवी पायरी: निघताना काय ठेवून जायचं

निघायच्या दोन आठवडे आधीपासून खडू हातात घेऊ नका. मी तेवढे दिवस पुन्हा मागच्या बाकावर बसले. मुलांना तुम्ही कधी जाणार ती तारीख आधीच सांगा, अचानक गायब होऊ नका. "परत येईन" हे वचन खात्री असेल तरच द्या. मी दिलं नाही.

सहलीची एक फाईल गुरुआमांकडे दिली: खर्चाचा हिशेब, बसमालकाचा नंबर, निघण्या-पोहोचण्याच्या खऱ्या वेळा, कुणाला बस लागली, शौचालयं कुठे स्वच्छ होती, चपलांच्या पोत्याची गोष्ट, आणि काय चुकलं ते. आमचं पाणी कमी पडलं होतं आणि जेवणाला पाऊण तास उशीर झाला होता, तेही लिहिलं.

पुढच्या फागुनात शाळा माझ्याशिवाय लुंबिनीला गेली. गुरुआमांचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीत रिक्षाची वाट बघत होते. या खेपेला पाच पाथ्या होत्या. जेवण हॉटेलात न घेता दोन आया आणि स्टोव्ह बसमध्येच घेतले, तांदूळ घरचाच, त्यामुळे वर्गणी निम्म्यावर आली आणि उशीरही झाला नाही. ते मला सुचलंच नव्हतं. माझ्या वहीत आता जेवणाच्या पानावर मी तेच लिहून ठेवलं आहे.